जपानवरचं भांडण

आर्णीच्या कॉलेजातून इतिहासाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले वामनराव आणि शेजारचे कापूसवाले शेतकरी विठ्ठलराव यांच्यात वर्षानुवर्षं एकच भांडण होतं. अमेरिकेच्या अध्यक्षानं जपानवर अणुबॉम्ब टाकायला नको होता, बोलणी करायला हवी होती, असं वामनराव म्हणत. त्यांचीच पुस्तकं नेऊन वाचणारे विठ्ठलराव म्हणत, "सर, त्याले आपली पोरं लढाईतून घरी आणाची होती. तुम्ही खुर्चीवर बसून बोलून राह्यले."

कपाशी लागोपाठ बुडत गेली, तेव्हा विठ्ठलराव शेत ठेक्यानं देऊन मुलाकडे पुण्याला गेले. त्यानंतर वामनरावांच्या ओसरीवर पुस्तक मागायला कुणी आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजात नव्यानं लागलेली स्पृहा जपानी संस्कृतीवरचं पुस्तक मागायला आली. बोलता बोलता विषय अणुबॉम्बवर गेला. वामनरावांनी आपलं मत सांगितलं.

"अगदी बरोबर आहे, सर," ती लगेच म्हणाली. "बोलणीच करायला हवी होती."

वामनरावांना बरं वाटायला हवं होतं, पण ओसरी आणखीच रिकामी वाटली.

"आणि त्याला आपली पोरं घरी आणायची होती, त्याचं काय?" त्यांनी विचारलं.

स्पृहा गोंधळली. "सर, तुम्हाला तसं वाटतं?"

"नाही." त्यांनी कपाटातून अमेरिकी अध्यक्षांवरचं जाड पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. "हेही वाच. पण इतक्या लवकर मान्य करू नको, बेटा. जरा भांड माझ्याशी."