बिगर शिक्क्याचा कागद

कंधारच्या स्टँडसमोर रबरी शिक्के बनवणाऱ्या करीमभाईंनी लेकीला बजावलं होतं, "त्या कॉम्प्युटरात तू करतीस काय, त्याचा कागद दाखव. मगच नांदेडच्या कॉलेजचा फॉर्म भरू." आज नाजिया प्रिंट घेऊन धावतच दुकानात आली.

"वेबसाइट बनवायच्या पीएचपी फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली, अब्बा! त्यातल्या सुधारणांची ही यादी. लांब मराठी नाव जागेत बसवायला कापताना काना-मात्रा गळायची, ती दुरुस्ती माझी. हे बघा नाव!"

करीमभाईंनी कागद उलटसुलट करून बघितला. "शिक्का कुठंय?"

"नसतो."

"सही?"

"न्हाई."

"मग पास कोण्या साहेबानं केली?"

"साहेब नसतो, अब्बा. जगभरातून कुणीबी पाठवायची. तपासून बरोबर निघाली की घेतात."

"तुझी वळख ना पाळख, अन् घेतली?"

"हाव!"

करीमभाईंचं डोकंच गरगरलं. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांचे शिक्के त्यांच्या हातचे. बिगर शिक्क्याचंही काही खरं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं.

"आण तो फॉर्म," शेवटी ते म्हणाले. "पण असा कोरा कागद जोडायचा न्हाई."

कुण्या हेडमास्तरांसाठी कालच बनवलेला 'सत्यप्रत'चा शिक्का उचलून त्यांनी तो प्रिंटवर दाबून मारला, खाली सही केली, अन् हुद्द्याच्या जागी जपून लिहिलं: नाजियाचे अब्बा.