एका हाताचे बोलणे

“काकू, ती पाणी मागत होती का हो?”

परिचारिकेने उंबरठ्यावरच विचारले. रुग्णालयातली पाळी संपवून ती तडक आली होती. अंगावर अजून गणवेश होता. दार उघडणाऱ्या दुभाषी बाईला ओळख पटायला एक क्षण लागला. मग तिच्या हातून दाराची कडी सुटली. लेक गेली त्या संध्याकाळी खाटेपाशी हीच मुलगी होती.

“या, सिस्टर,” ती कशीबशी म्हणाली. “बसा.”

लेक जन्मतः बहिरी. तिच्यासाठी आईने खुणांची भाषा शिकून घेतली, आणि पुढे दुभाष्याचे तेच तिचे काम झाले. दर रविवारी ती चर्चमधल्या उपासनेत पाळकांच्या शेजारी उभी राही आणि त्यांचा प्रत्येक शब्द हातांनी सांगे. पहिल्या बाकावर सहा-सात बहिरी माणसे बसत. त्यांतच लेकही असे. मंडळीत तिला सगळे ‘बडबडी’ म्हणत, कारण तिचे हात जेवतानासुद्धा थांबत नसत.

लेक रुग्णालयात असताना, त्या बुधवारी मंडळीने तिच्यासाठीच प्रार्थना ठेवली होती. आईचा पाय निघेना. बडबडीनेच तिला बळेबळे पाठवले. तू गेली नाहीस तर बाकावरचे सगळे नुसते भिंतीकडे बघत बसतील, असे तिने खुणेने सांगितले, आणि पाळकांच्या सतत घसरणाऱ्या चष्म्याची नक्कलही करून दाखवली. आई गेली. तासभर तिने लोकांच्या विनवण्या हातांनी सांगितल्या: हिला बरे कर, हिला राखून ठेव. ती परतली तेव्हा लेकीच्या चेहऱ्यावर चादर ओढलेली होती.

पाळक दोनदा घरी येऊन गेले. दुसऱ्या वेळी तिने त्यांना स्पष्टच सांगितले होते. “माझे हात देवाच्या कामात गुंतले होते, आणि तेव्हा माझ्या पोरीच्या हातांना उत्तर द्यायला तिथं कोणी नव्हतं. आता मी त्याच्याशी बोलायची नाही.” सव्वा महिना झाला. तिने प्रार्थनेसाठी ओठ उघडले नव्हते, की हात उचलला नव्हता.

परिचारिका खुर्चीच्या कडेवर बसली.

“मी पाणी पुढं केलं, तर तिनं मान हलवली. पांघरूण घातलं, तेही नको. उशी उचलली, तर मलाच हसली. सारखी दाराकडे बघत होती. डोळे सताड उघडे. मला वाटलं, तुम्हालाच बोलावते आहे. माझं चुकलंच, काकू. कुणाला तरी पाठवायला हवं होतं मी तुमच्याकडे. हातानं तेच तेच तीनदा केलं तिनं, म्हणून लक्षात राहिलं. विसरू नये म्हणून रोज करून बघते.”

बाईने डोळे मिटून घेतले. इतके दिवस जी धास्ती होती, तीच घरात येऊन समोर बसली होती. लेक आपल्याला हाका मारत मारत गेली, आणि एकही हाक पोहोचली नाही.

“दाखवा,” ती म्हणाली.

परिचारिकेने डावा हात मांडीवर निश्चल ठेवला. लेकीच्या त्या हाताला सलाईन होते. उजवा हात तिने वर नेला, कपाळाच्याही वर, आणि सावकाश छातीशी आणला.

बाई ताठ झाली. ही ‘प्रभू’ची खूण होती. हाक तिला नव्हती.

“थांबा. डोळे उघडे होते म्हणालात ना?”

“हो. टक्क.”

“बहिरी माणसं डोळे मिटून प्रार्थना करत नाहीत, सिस्टर. मिटले, तर समोरच्याचं बोलणं कळायचं कसं त्यांना?”

परिचारिकेचा हात छातीशीच राहिला. “म्हणजे... माझ्याकडे ती काही मागतच नव्हती?”

“नव्हती. पहिल्यापासून करा. मी सांगते.”

दुभाष्याचा एक नियम असतो. ‘तो म्हणतो’, ‘ती म्हणते’ असे सांगायचे नाही. जो कोणी बोलत असेल त्याचे बोलणे ‘मी’ म्हणूनच सांगायचे. जुन्या सवयीने बाईकडून तो नियम पाळला गेला. ज्याच्याशी अबोला धरला होता, त्याला आपण ‘तू’ म्हणतो आहोत, हे तिच्या ध्यानात आले तोवर पहिले वाक्य बोलून झाले होते.

“प्रभू, मला भीती वाटत नाही. तू इथं आहेस.”

परिचारिकेने गालावर दोन बोटे टेकवली. मग मूठ वळली.

“आई तिकडं माझ्यासाठी तुझ्याशी भांडत असेल. तिच्यावर रागावू नकोस.”

बाईचा आवाज चिरकला. परिचारिका थांबली. बाईने मानेनेच ‘पुढे’ म्हटले.

उघडा तळवा समोर आला आणि उलटा झाला.

“तुला नाहीच म्हणायचं असेल...”

पुढची खूण इतकी हलकी होती, की बोटे हवेत जेमतेम हलली.

“हे करताना ती हसत होती बघा,” परिचारिका म्हणाली, आणि शेवटी तिने आपल्या कानाला बोट लावले.

बाईने त्या बोटाकडे पाहिले. मग दुभाष्याला शोभेल अशा स्वच्छ, स्थिर स्वरात तिने वाक्य पुरे केले.

“...तर हळूच सांग. माझ्या आईला ऐकू येतं.”