मुदतीबाहेर

पाळ्या सांभाळत नर्सने गणिताच्या पदवीचे सगळे विषय पास केले होते. यादीवरून फिरणारं विद्यापीठातल्या कारकुनाचं बोट पहिल्याच ओळीवर अडलं. “ताई, हा विषय अकरा वर्षांपूर्वीचा. दहा वर्षांत सगळे व्हावे लागतात. हा पुन्हा देईपर्यंत पुढचे दोन बाद होतील.” “मध्ये तीन वर्षं वडील अंथरुणाला खिळले होते हो!” “माझ्या हातात काही नाही,” म्हणत त्याने नकाराचं पत्र सरकवलं. बाहेर बाकावर दृष्टी गेलेले वडील इस्त्रीचा कोट घालून बसले होते. “मिळाली पदवी?” त्यांनी हात पसरला. तिने ते पत्रच त्यांच्या हातावर ठेवलं. कागद चाचपून ते हसले. “माझ्या आजारपणात तुझी वर्षं गेली, ही टोचणी होती गं. आज जीव भांड्यात पडला.” “हो, बाबा,” म्हणताना तिने आवाज तेवढा सांभाळला, डोळे वाहू दिले.