इष्टलिंग अव्वाच्या मुठीत

"गळ्यातलं काढा दादा. चांदी आत चालत नाही," स्वप्नाली म्हणाली. लातूरच्या त्या स्कॅन सेंटरात रोज येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगणारी पोरगी. आपण काय मागतोय, हे तिला कुठून कळणार?

मल्लिकार्जुन उठला. सहा फूट दोन इंच, शंभर किलोच्या वरचा गडी, नऊ वर्षं बॉक्सिंगचा हेवीवेट पट्टा कुणाच्या हाती लागू न दिलेला. त्यानं शिवदारा डोक्यावरून काढला, त्यात अडकवलेली इष्टलिंगाची चांदीची डबी आईच्या ओंजळीत ठेवली आणि मान वाकवून म्हणाला, "येतो गं अव्वा."

नागम्मानं डबी मुठीत धरली. एवढं बोलून तो रिंगमध्येच चढायचा.

उदगीरच्या त्यांच्या लिंगायत घरात इष्टलिंग अंगावरून उतरत नाही, न्हातानासुद्धा नाही. माणूस मेला तरी ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याच्यासोबतच मातीत जातं. पण रिंगमध्ये गळ्यात काही चालत नाही. मठातले स्वामी रागावले, तेव्हा नागम्मानंच तोड काढली होती. लढत चालू आहे तोवर ते माझ्या मुठीत राहील, आईची मूठ म्हणजे लेकराचं अंगच. वर पोराला शपथ घातली होती, ज्या दिवशी हरशील त्या दिवसापासून हे पुन्हा उतरवायचं नाही. वर्ष-दोन वर्षांत पडेल कुठंतरी आणि गुमान घरच्या दुकानात येऊन बसेल, असा तिचा हिशेब.

पोरगा हरलाच नाही. आणि खोटं कशाला सांगायचं, तिलाही ते गोड लागलं होतं. बाजारात बायका तिला ओळखून वाट द्यायच्या.

जिंकणाराही मार खातोच. पण हात उंचावलेल्या माणसाच्या डोक्याकडं कोण बघतं? दर लढतीनंतर तो तिच्यासमोर येऊन उभा राहायचा, नजर भलतीकडंच, आणि विचारायचा, "जिंकलो का गं अव्वा?" भोवती सगळा हॉल ओरडत असायचा. लोकांना वाटायचं गंमत करतोय. तिलाही तसंच वाटायचं. आज सकाळी लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर त्यानं तिला तीनदा विचारलं होतं, आपण कुठं आलोय.

आतलं दार लागलं. यंत्राचा दणदणाट सुरू झाला.

बाकावर शेजारी त्याचे कोच, दयानंद सर, मोबाइल चाळत बसले होते. रविवारी नांदेडला लढत होती. पोस्टर लागून आठवडा झाला होता.

"सर, रिपोर्ट वंगाळ आला तर?"

"रिपोर्टचं काय घेऊन बसलात मावशी? फायलीला फिट असल्याचा एक कागद लागतो. वळखीचा डॉक्टर हाय नांदेडात, करतो सही. मल्लूला टायमावर आणा म्हंजे झालं."

"काल त्येला माजं नाव आठवंना, सर."

"ठोसा आठवतो न्हवं? बस की."

"तुमी तरी न्हाई म्हना त्येला."

"मी?" सरांनी पहिल्यांदाच मोबाइलवरून नजर उचलली. "मी एकदा म्हणून बघितलं. म्हणतो, अव्वाची शपथ हाय, हारल्याबिगर सुट्टी न्हाई."

नागम्माला वाटलं, कुणीतरी सणसणीत थोबाडीत दिली. तिनं घरी येण्यासाठी घातलेली शपथ पोरानं रिंगमध्ये राहण्यासाठी धरून ठेवली होती. मुठीतली डबी घामानं निसटायला लागली, तशी तिनं मूठ आणखी आवळली. नऊ वर्षं ह्याच मुठीत तिनं एकच मागणं मागितलं होतं, पोरगा जिंकू दे. त्या मागण्याची तिला आता शरम वाटली.

दणदणाट थांबला.

मल्लिकार्जुन बाहेर आला तो भिंतीला हात लावत. एसीच्या खोलीतून आलेला माणूस, पण मान घामानं चिंब. "सारखे हात हलवत होते, मावशी. दोनदा परत घ्यावं लागलं," स्वप्नाली मागून म्हणाली.

तो सरळ आईसमोर येऊन उभा राहिला. नजर भलतीकडंच. डावा तळहात पुढं केला.

"जिंकलो का गं अव्वा?"

दयानंद सर हसले. "अरे मल्लू, येड्या..."

"हारलास," नागम्मा म्हणाली.

सर ताडकन उठले. "मावशी! काय बोलायलात?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. पोराच्या तळहातावर तिनं काही ठेवलं नाही. त्याची मान खाली ओढली, शिवदारा गळ्यात घातला, दोरा आखूड करून मागं गाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली. आता तो डोक्यावरून निघणार नव्हता.

मल्लिकार्जुननं डबी चाचपून पाहिली. एवढा धिप्पाड माणूस, दोन्ही गाल भिजले तरी पुसायचं त्याला सुचलं नाही. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "कुणाकडनं?"

नागम्मानं पदरानं त्याचे गाल पुसले.

"माज्याकडनं, बाळा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, ह्या वेळी नीट तिच्याकडंच. मग त्यानं मान हलवली, तिचं मनगट धरलं आणि, रेफरी जिंकणाऱ्याचा करतो तसा, तिचा रिकामा हात उंच वर केला.