लाल दोऱ्याचं बटण

रिहे गावच्या वनउद्यानातल्या लाकडी केबिनमागे भातखाचर होतं. ऑक्टोबरातल्या पिवळ्या भातात सहा बुजगावणी उभी होती. काल पाचच होती, हे गौतमीला पक्कं आठवत होतं.

सहाव्याच्या अंगात तिच्या नवऱ्याचा, निनादचा, निळा चौकडीचा शर्ट होता. तिसरं बटण लाल दोऱ्याने लावलेलं. पुण्याहून निघताना तिनेच ते घाईघाईत लावलं होतं.

केबिन सांभाळणाऱ्या लीलाबाई बांधावर गवत कापत होत्या. गौतमी तडक तिथे गेली.

"मावशी, आमचा शर्ट दोरीवरून काढलात ना?"

"चोर समजता व्हय, ताई? पाव्हणं जाताना कपडं इसरत्यात, तीच घालतो आमी बुजगावण्याला."

"पण आम्ही उद्या जाणार आहोत!"

"तुमी उद्या." लीलाबाईंचा विळा थांबला नाही. "तुमचं मालक काल तिन्हीसांजंलाच गेलं की."

"काहीतरीच काय! आत्ता माझ्यासमोर बसून पोहे खाल्लेत त्यांनी."

लीलाबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली, पण केबिनकडे बघितलं नाही.

"गौतमी, चहा निवतोय गं!" निनाद पायरीवरून हाक मारत होता. अंगात तोच निळा चौकडीचा शर्ट.

ती जवळ गेली. त्याने हसून कप पुढे केला. तिने वरून एकेक बटण पाहिलं.

सगळी पांढऱ्या दोऱ्याने लावलेली होती.