वाकता कामा नये

बरणीतली सुकी अळिंबी कडकन मोडली तर ताईचं सगळंच साधणार होतं. बाबा त्यांच्याच घरात राहणार, ती रोज संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून येणार, आणि धाकटा भाऊ आला तसा एकटा परत जाणार. वाकली, तर बाबा त्याच्याबरोबर दुसऱ्या शहरात.

अट धाकट्यानेच घातली होती, फोनवर.

"बाबांनी जन्मभर सुकी अळिंबी विकली, ताई. त्यांच्याच कपाटात ती सादळायला लागली, तर उद्या गॅसचं काय? महिनाअखेरीला मी येतो. कडक असेल तर पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि तुझा शब्द सादळला तर?" ताईने विचारलं होतं. पण अट तिने मान्य केली. आई गेली त्या आठवड्यात बाबा म्हणाले होते, "मला इथून हलवू नका." तेव्हापासून त्यांना हलवायला आलेल्या प्रत्येकाशी ताई भांडली होती. धाकट्याशी दोनदा, आणि धाकट्याच्या बायकोशी एकदा, अगदी गोड आवाजात.

पहिल्यांदा बरणी उघडली तेव्हा अळिंबीचे काप चामड्यासारखे वाकले. ताईने ते उजेडात धरून पाहिले. बुरशी नव्हती, वासही चांगला होता. म्हणजे वाचवण्यासारखे होते. तिने ते ट्रेमध्ये एकमेकांना न चिकटतील असे पसरले, ओव्हन अगदी मंद ठेवला आणि वाफ बाहेर जावी म्हणून त्याच्या दारात लाकडी डाव अडकवला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"भाजू नकोस. वाळव," ते म्हणाले.

"मला शिकवता? बरणी कोणी उघडी टाकली होती?"

"मी कशाला उघडी टाकू?"

"मग गरम असतानाच भरली असेल. झाकणाला आतून घाम सुटतो, तो सगळा परत अळिंबीत. हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगायचात."

"सांगायचो खरा," बाबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

काप पुरते गार होईपर्यंत तिने हात लावला नाही. मग एक मोडला. काडीसारखा आवाज झाला. बरणी पुसून, भरून, झाकण घट्ट पिळून तिने कपाटात ठेवली आणि निर्धास्त होऊन घरी गेली.

चार दिवसांनी काप पुन्हा वाकले.

तिने झाकणाचं रबर बदललं. पुन्हा वाळवलं, पुन्हा वाकलं. कपाटाच्या भिंतीला ओल असेल म्हणून बरणी बाहेरच्या खोलीतल्या फडताळात हलवली. तिथेही तेच. नवी बरणी आणली. दुकानदार म्हणाला, "हिच्यात वारासुद्धा शिरत नाही." वारा शिरला नसेल, पाणी मात्र शिरलं.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही दिवसातून किती वेळा उघडता ही?"

"वास घेतो कधीमधी. सवय आहे."

"ओल्या हाताने?"

"लक्षात नाही गं."

हे 'लक्षात नाही' तिला झोंबलं. धाकटा म्हणतो ते खरं की काय? तिने बाबांना गॅसचं बटण दाखवायला लावलं, दाराची कडी लावायला लावली, नातवंडांची नावं विचारली. सगळं चोख. नातवंडांची नावं सांगताना तर त्यांनी न विचारताच त्यांच्या शाळांच्या वेळाही सांगितल्या. पण बरणी तेवढी जमत नव्हती. ट्रेमधले काप उलटताना एकदा तिचे हात थांबले. आणखी काय करायचं ते तिला कळेना. वाळवून वाळवून कापांचे तुकडे पडायला लागले होते आणि निम्म्या बरणीत भुगा होता.

धाकटा यायच्या आदल्या संध्याकाळी तिने शेवटचं वाळवलं, आणि भरलेली बरणी पिशवीत घातली.

"कुठे नेतेस?" बाबा उठलेच.

"माझ्या घरी. सकाळी आणते."

"राहू दे ना इथे. माझी बरणी आहे."

"एका रात्रीचा प्रश्न आहे, बाबा. त्याला काय कळतंय?"

"ही लबाडी झाली."

"झाली तर झाली. कोणासाठी करतेय?"

बाबा दारापर्यंत तिच्या मागे आले आणि पिशवीकडे बघत म्हणाले, "सांभाळून जा."

सकाळी धाकट्याने बूट काढायच्या आधीच बरणी मागितली. एक काप उचलला, दोन बोटांत धरून दाबला. काप इतका स्वच्छ मोडला की अर्धा तुकडा उडून टेबलाखाली गेला. त्याने दुसरा मोडून पाहिला. मग बाबांकडे पाहिलं.

"वाजली," बाबा म्हणाले.

"वाजली," ताई म्हणाली. "आता शब्द पाळ. चहा टाकते."

ती आत गेल्यावर धाकटा बाबांच्या शेजारी सरकला आणि आवाज खाली आणला. "बाबा, ही अट तुम्हीच मला घालायला लावलीत. म्हणालात, ओलीच निघेल."

"ओलीच होती. रोज चहाच्या आधणाच्या वाफेवर धरत होतो. काल ताई बरणी घरी घेऊन गेली."

"मग सरळ सांगा ना तिला, की तुम्हाला यायचंय. इथे एकट्याने रात्र काढवत नाही म्हणून."

"इतकी वर्षं माझ्यासाठी सगळ्यांशी भांडली ती. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"पोरांनी तुमची खोली रंगवून ठेवलीय."

आतून कपांचा आवाज आला, आणि त्यावरून ताईचा, कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला. "बाबा, आता निवांत राहा. तुम्हाला इथून कोणी हलवत नाही."

"हो गं," बाबा म्हणाले.

ताईला हवं ते मिळालं. धाकट्याचा रंग तेवढा फुकट गेला. बाकी सगळी किंमत बाबांनी भरली.

"कुठला रंग दिलाय?" त्यांनी हळूच विचारलं.