होडीचं नाक

"अजून वरच आहे!" ती काठावरून ओरडली. आवाजात जरा जास्तच आनंद होता. तो तिचा तिलाच ऐकू आला आणि तिने लगेच चेहरा गंभीर केला.

पाण्यावर तिचा नवरा रबरी होडी वळवून परत येत होता. हवा भरलेली छोटी होडी, मागे मोटर आणि मोटरीपाशी तो एकटा. वेग घेतला की होडीचं बूड खाली बसायचं आणि नाक आभाळाकडे जायचं. मग समोरचं काही दिसत नसे. खालून वारा शिरला तर उलटायचीही भीती. जलाशयातून पाण्याचे नमुने आणणं हे त्याचं रोजचं काम, ते चुकवून चालत नव्हतं. तेव्हा पुढे कोणाचं तरी वजन लागायचं. ते वजन म्हणजे ती.

गेली चार वर्षं ती रोज सकाळी होडीच्या नाकात बसत होती. तोंडावर पाणी, कंबरेला दणके. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले लोक तिला 'गोणी' म्हणायचे. "काय, आज गोणी दिसत नाही?" नवरा हसायचा. तीही हसायची. म्हणोत बापडे. गोणी तर गोणी.

घरात दोघांकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि जाताना घरातलं बोलणंही घेऊन गेली. जेवायला बसला की नवरा टीव्हीकडे बघायचा, टीव्ही बंद असला तरी. होडीत मात्र त्याला तोंड उघडावंच लागे. "डावीकडे सरक." "बाटली दे." "झाकण." झाकण या एका शब्दावर कोणी जगतं का? ती जगत होती. एकदा तर मधोमध मोटर बंद करून त्याने आपणहून सांगितलं, की लहानपणी तो पाण्याला फार भ्यायचा. लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेली होती आणि हे तिला ठाऊक नव्हतं. ते वाक्य तिने कितीतरी दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

मग मागच्या आठवड्यात त्याने जाहीर केलं, "या नाकाचा एकदाचा बंदोबस्त करून टाकतो. तुझी कंबर दुखते."

तिच्या कंबरेची चौकशी त्याने आजवर कधी केली नव्हती. तिला बरं वाटलं, पण नाक खाली आलं तर होडीत तिची गरज उरणार नव्हती. "छे, कुठे दुखते?" ती म्हणाली. ती धडधडीत थाप होती.

त्याने पेट्रोलची टाकी मागून उचलून पुढे नेऊन बांधली. नाक थोडं खाली आलं. मग मोटरीच्या दांड्याला एक लांब नळी जोडली, म्हणजे मधल्या फळीवर बसून होडी हाकता येईल. आणखी थोडं आलं. पण पुरतं नाही. ती मनातल्या मनात टाकीला आणि नळीला शिव्या घालत होती. आज त्याने मेकॅनिकला बोलावलं होतं.

होडी काठाला लागली. मेकॅनिक पँट दुमडून पाण्यात उतरला, मोटर वर उचलून त्याने खाली डोकावलं आणि तो हसायलाच लागला.

"अहो भाऊ, जखम मांडीला आणि मलम शेंडीला! ही पिन बघा, हिच्यावर मोटर टेकते. सगळ्यात बाहेरच्या भोकात आहे. मोटर अशी तिरकी राहिल्यावर नाक वर जाईल नाहीतर काय? कोणी घातली ही इथे?"

ती दोराची गाठ सोडायला वाकली. गाठ सुटलेलीच होती.

तिनेच घातली होती. होडी नवी आली तेव्हा याच मेकॅनिकने नवऱ्याला समजावलं होतं: पिन आत तर नाक खाली, पिन बाहेर तर नाक वर. ती चहाचे कप घेऊन शेजारीच उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा झोपला असताना तिने मोटर उचलली आणि पिन बाहेर सरकवली. पुढच्या सकाळी तो एकटा गेला आणि नेमका वारा सुटला. तो परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला. आपण बायको आहोत की वैरीण, असं तिला झालं. तो नखशिखान्त भिजून आला आणि म्हणाला, "उद्या तू चल. पुढे बसायला कोणीतरी हवं." त्यानंतर ती पिन पुन्हा आत घालणं तिच्याने झालं नाही.

"कोणाचा तरी हात लागला असेल," ती पुटपुटली.

"नुसता हात लागून नाही हो सरकत, वहिनी. आधी कडी काढावी लागते."

नवरा अजून होडीतच बसून होता. "हिनेच घातलीय," तो म्हणाला. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

तिची कानशिलं तापली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. आणि मग हळूहळू दुसरंच काही ध्यानात यायला लागलं. त्याला ठाऊक होतं. चार वर्षं ठाऊक होतं. पिन आत सरकवणं म्हणजे चुटकीसरशी होणारं काम, तरी त्याने ते केलं नाही. रोज सकाळी तो तिला होडीत घेत राहिला. तिला हसू फुटायला लागलं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत फुटायचं तसं. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

तो मेकॅनिककडे बघत होता.

"म्हटलं, बोलून कशाला दाखवा, उगाच रडारड. चार दिवस तोंडावर पाणी घेईल आणि आपणहून यायची बंद होईल," तो म्हणाला. "पण ही बाई काही केल्या कंटाळत नाही. पिनेला हात न लावता टाकी हलवून पाहिली, नळी लावून पाहिली, तरी नाक पुरतं खाली येईना. घाला हो ती पिन आत."